थंड पाण्यातली धुलाई, डिटर्जंट आणि सॉफ्टनर : गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आमचं लहानसं लॉन्ड्रीचं दुकान आहे. कपडे टाकायला येणारी माणसं पावती हातात घेऊन पुढची दहा मिनिटं काउंटरपाशीच उभी राहतात आणि घरच्या मशीनबद्दल, पावडरीबद्दल, टॉवेलांच्या वासाबद्दल विचारत राहतात. मलाही सांगायला आवडतं. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे नीट मांडली आहेत.

थंड पाण्यात कपडे खरंच स्वच्छ होतात का?

होतात. गोव्यात तर जास्तच चांगले होतात, कारण आपल्या नळाचं पाणी म्हणावं तसं थंड नसतंच. युरोपात ‘थंड धुलाई’ म्हणजे वीस अंशांच्या आसपासचं पाणी. तिथल्या मशीनवर तीस अंशांचं बटण दाबलं की हीटर सुरू होतो. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक महिने नळ उघडला की पंचवीस ते तीस अंशांचं पाणी फुकट येतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तर मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. म्हणजे मशीनच्या पुस्तिकेत ‘कोल्ड’ लिहिलेला प्रोग्राम आपल्याकडे प्रत्यक्षात कोमट पाण्याचाच असतो.

गरम पाण्याची सवय जुन्या साबणांमुळे लागली. तेव्हाचा साबण गार पाण्यात नीट विरघळत नसे आणि मळ सोडवायला उष्णता लागे. आता डिटर्जंटमधली मळ उचलणारी द्रव्यं आणि डागांचे तुकडे करणारी एन्झाइम हे काम कमी तापमानाला करतात. हीटर असलेल्या मशीनमध्ये बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, हेही लक्षात असू द्या.

मग वर्षभर थंड पाणी चालेल?

जवळजवळ वर्षभर. अपवाद कधी करायचा ते न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली सांगते. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत वाळपई, मोले, काणकोणच्या आतल्या भागात सकाळी बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं दिसतं. त्या सकाळी टाकीतल्या पाण्यातही उशीच्या अभ्र्यावरचं तेल तसंच घट्ट बसलेलं असतं, आणि घट्ट तेल कापडातून सोडवणं डिटर्जंटला जड जातं. अशा दिवशी अभ्रे, टोप्या, शर्टांच्या कॉलरी दुपारी धुवा किंवा एक तांब्या गरम पाणी घालून बादली कोमट करा.

तूप आणि डालडा याहून जास्त तापमानाला वितळतात. चवथीला नेवऱ्या तळताना अंगावर उडालेलं तूप थंड पाण्यात एकटं जाणार नाही. त्या डागावर लिक्विड डिटर्जंटचे दोन थेंब बोटाने चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा.

पावडर घ्यावी की लिक्विड?

थंड पाण्यासाठी रोजच्या कपड्यांना मी लिक्विड सुचवते. ते लगेच पाण्यात मिसळतं. पावडरीचे पांढरे कण काळ्या पँटीवर, ब्लाउजच्या शिवणीत, खिशात अडकून राहतात तसं लिक्विडचं होत नाही. तेलकट डागावर ते थेट लावताही येतं.

पण पावडरीची बाजूही खरी आहे. चांगल्या पावडरीत बऱ्याचदा ऑक्सिजन ब्लीच असतं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. लिक्विडमध्ये ते टिकत नाही, म्हणून सहसा नसतं. शाळेचा पांढरा शर्ट, पंचे, पांढऱ्या चादरी पिवळसर पडू नयेत यासाठी ते लागतं. मात्र ते चाळीस अंशांच्या वर खुलतं. साध्या पाण्यात वापरायचं तर वेळ वाढवावा लागतो : पावडर आधी मग्गाभर गरम पाण्यात विरघळवायची, ती बादलीत ओतायची आणि पांढरे कपडे त्यात तीन-चार तास भिजत घालायचे. काही पावडरींत टीएईडी नावाचा घटक असतो, त्यामुळे हे ब्लीच कमी तापमानालाही काम करतं.

माझ्या घरी दोन्ही आहेत. रंगीत कपड्यांना लिक्विड, पांढऱ्यांना आठवड्यातून एकदा पावडर. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर लिक्विड घ्या.

भारतात सर्फची पावडर १९५९ साली आली, तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. निरमा आली १९६९ साली. आपल्या आज्या त्याआधी साबणाच्या वडीने, रिठ्याने आणि दगडावर आपटून कपडे धूत होत्या, आणि तेही व्हाळाच्या गार पाण्यात. थंड पाण्यातली धुलाई आपल्याला नवी नाही.

पाकिटावर काय बघायचं?

एन्झाइम आहेत का ते. सगळ्या कंपन्या सगळे घटक छापत नाहीत, पण एन्झाइम असतील तर त्याचा उल्लेख बहुधा असतो. प्रोटीएज हे घाम, रक्त, दूध, अंडं, मासळीचं पाणी यांच्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. लायपेज तेल-तुपावर चालतं, अमायलेज पेज, खीर, आमटीतल्या पिठावर. सेल्युलेज सुती कापडावरचे लोंबते धागे कापून रंग टवटवीत ठेवतं. हे सगळे थोड्या वेळाने काम दाखवतात, म्हणून थंड पाण्यात पंधरा मिनिटांचा ‘क्विक’ प्रोग्राम लावून निकालाची अपेक्षा ठेवू नका. अर्धा तास भिजवा, मग मशीन फिरवा. थंड पाण्यात उष्णतेची उणीव वेळाने भरून काढायची असते.

दुसरं बघायचं ते मशीनचा प्रकार. फ्रंट लोडमध्ये कमी फेसाचंच डिटर्जंट घाला. जास्त फेस झाला की कपडे आपटत नाहीत, फेसाच्या गादीवर नुसते लोळतात. फेस म्हणजे स्वच्छता हा समज मनातून काढून टाका. मळ काढण्याचं काम फेस करत नाही.

एन्झाइमचं डिटर्जंट सगळ्या कपड्यांना चालतं का?

नाही, आणि हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. देवपूजेचं आईचं रेशमी सोवळं मी एकदा रोजच्या लिक्विडमध्ये तासभर भिजत ठेवलं. महागातलं, चांगलं लिक्विड होतं ते. सोवळ्याची झळाळी गेली आणि पुढच्या काही धुलायांत कापड घडीवर विरत गेलं. कारण साधं आहे : रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. प्रोटीएजला डाग आणि धागा यांतला फरक कळत नाही. आईने एक शब्दही काढला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पैठणी, मुकटा, पुडवें, लोकरीचा स्वेटर, शाल यांना एन्झाइम नसलेलं, सौम्य लिक्विड लागतं; ईझीसारखी लोकरी कपड्यांसाठीची लिक्विडं त्यासाठीच असतात. रिठाही उत्तम. सात-आठ रिठे रात्री पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या. त्यातलं सॅपोनिन हळुवारपणे मळ काढतं. पाणी साधंच घ्या, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा.

आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे. वेगळं डिटर्जंट लागेल का?

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. ओपा किंवा साळावलीच्या योजनेचं नळाचं पाणीही नदीचं, म्हणजे फारसं जड नसतं. मऊ पाण्यात डिटर्जंट कमी लागतं, आणि मोठ्या शहरांतल्या जड पाण्याच्या हिशेबाने सांगितलेलं माप आपल्याला जास्त होतं.

किनाऱ्याजवळच्या काही विहिरींत मात्र एप्रिल-मेमध्ये खारटपणा शिरतो. घरी तपासायचं तर झाकणाच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे चार-पाच कीस टाका आणि जोराने हलवा. वर फेस उभा राहिला तर पाणी मऊ. दुधासारखं गढूळ होऊन साका धरला तर जड, मग डिटर्जंट थोडं वाढवा.

बोअरवेलचं पाणी भरल्यावर बादलीत तासाभराने तांबूस होत असेल तर त्यात लोह आहे. अशा पाण्यात धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर क्लोरीनचं ब्लीच कधीही घालू नका. लोहाचे डाग त्याने पक्के होतात. ते डाग लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने सुटतात.

तांबड्या मातीचे डाग कशाने जातात?

पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. चिखल ओला असताना पाणी मारून चोळला की माती धाग्यांच्या आत जाते. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मगच पाण्याला लावा. आपल्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो डाग म्हणजे कापडात अडकलेले बारीक कण, त्यामुळे ब्लीच त्याला काही करू शकत नाही. झाडून झाल्यावर लिक्विड लावून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्यात दोनदा खळबळा. मुलं पावसात फुटबॉल खेळून आली की त्यांचे मोजे बाकीच्या कपड्यांबरोबर टाकू नका. मातीचं पाणी सगळ्या कपड्यांना गुलाबी-तपकिरी छटा देतं.

डिचोली-साखळी भागातली एक बाई मला म्हणाली होती की पांढरी साडी नेसणंच सोडलं. तेवढं करायची गरज नाही. साडीचा खालचा काठ वेगळा धुतला तरी पुरतं.

हळद, सोलकढी, काजूचा बोंडू आणि मासळी यांचं काय?

हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, आणि लोक घाबरतात. हळदीतलं कर्क्युमिन साबणातल्या अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. धुऊन झालं की पुन्हा पिवळं होतं. थंड पाण्यात लिक्विडने धुवा आणि ओलं असतानाच उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हात फिकं पडतं. दोन-तीन उन्हांत बराच डाग जातो, पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो.

सोलकढी किंवा आमसुलाचं आगळ सांडलं तर आधी नुसतं गार पाणी ओता. त्यातला लाल रंगही साबणाने निळसर-काळपट होतो. साध्या पाण्याने जमेल तेवढा काढा, मग डिटर्जंट.

बोंडूचा रस वाळला की तपकिरी होतो आणि हट्टी बनतो. त्यात टॅनिन असतं, आणि साबणाची वडी चोळल्याने टॅनिनचा डाग आणखी पक्का बसतो. वडी बाजूला ठेवा, लिक्विड डिटर्जंट लावा, आणि पांढरं कापड असेल तर ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवा. काजूच्या बागेत जाताना जुने कपडे घालायची पद्धत उगाच पडलेली नाही.

मासळीचं पाणी, रक्त, दूध यांना गरम पाणी शत्रू. उष्णतेने प्रथिनं शिजून धाग्याला चिकटतात. इथे थंड पाणीच योग्य, आणि प्रोटीएज असलेलं डिटर्जंट.

किती डिटर्जंट घालायचं?

पाकिटावरच्या मापाने सुरुवात करा आणि मग कमी करत जा. तपासणी अशी : धुऊन पिळलेला एखादा टॉवेल बादलीभर स्वच्छ पाण्यात घालून हाताने घुसळा. फेस आला तर तुम्ही जास्त घालताय. उरलेलं डिटर्जंट कापड कडक करतं, त्वचेला खाज आणतं आणि त्यावर नवा मळ चिकटतो. मग लोक तो कडकपणा घालवायला सॉफ्टनर विकत आणतात. आमच्याकडे आलेल्या कितीतरी ‘सॉफ्टनर कुठला घेऊ’ या प्रश्नांचं खरं उत्तर ‘पावडर अर्धी करा’ हे होतं.

सॉफ्टनर नक्की करतो काय?

तो कपडे धूत नाही. कापडावर एक पातळ, मेणचट थर बसवतो. सॉफ्टनरमधली द्रव्यं धन विद्युतभाराची असतात. पाण्यातलं सुती कापड ऋण भाराचं, त्यामुळे ती त्याला चिकटतात. धागे एकमेकांवरून घसरू लागतात, म्हणून स्पर्श मऊ लागतो, सुरकुत्या कमी पडतात आणि पॉलिस्टर अंगाला चिकटत नाही. पूर्वी या द्रव्यांचा मुख्य भाग गुरांच्या चरबीपासून केलेला असे आणि तो निसर्गात लवकर कुजत नसे. आता बहुतेक ठिकाणी लवकर विघटन होणारी एस्टरक्वाट वापरतात.

डिटर्जंटबरोबरच सॉफ्टनर ओतला तर?

दोन्ही वाया. डिटर्जंट ऋण भाराचं, सॉफ्टनर धन भाराचा. ते एकमेकांना धरतात आणि चिकट ठिपके कपड्यांवर बसतात. सॉफ्टनर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात घाला. मशीनला त्याचा वेगळा कप्पा असतो. बादलीत हाताने करत असाल तर आधी पाण्यात मिसळा, मग कपडे बुडवा. कापडावर थेट ओतलं की तेलासारखे डाग पडतात.

कशाला सॉफ्टनर घालू नये?

टॉवेल आणि पंचे पहिले. मेणचट थर बसला की ते पाणी शोषत नाहीत. दुकानात मऊ लागतात आणि अंघोळ झाल्यावर पाणी नुसतं अंगभर पसरवतात. जिमचे, फुटबॉलचे घाम टिपणारे कपडे, मायक्रोफायबरची फडकी आणि पावसाळी जॅकेट यांचंही तेच. तान्ह्या बाळांच्या लंगोटांना आणि ज्यांच्या त्वचेला सुगंधी द्रव्यं सोसत नाहीत त्यांच्या कपड्यांना नको. आणि लहान मुलांचे रोंवाळ, फुगीर कपडे : सॉफ्टनरने असं कापड लवकर पेट घेतं. नरकासुर जाळायला आणि फटाके उडवायला जाताना मुलांच्या अंगावर असे कपडे नसावेत असं मला मनापासून वाटतं.

घालायचाच तर कॉटनच्या साड्या, पॉलिस्टरचे कुर्ते, पडदे यांना घाला, तोही सांगितलेल्या मापाच्या निम्मा.

सॉफ्टनरशिवाय कपडे मऊ कसे राहतील?

वाळत घालताना झटका. दोन्ही हातांनी, आवाज येईल इतके. सुती धाग्यांना पाणी एकमेकांशी बांधून ठेवतं आणि कापड न हलता वाळलं की ते बंध तसेच राहतात, म्हणून टॉवेल पापडासारखा होतो. वाऱ्यावर हलत वाळलेला टॉवेल तेवढा कडक होत नाही. वाळल्यावर पुन्हा एकदा झटकला तरी फरक कळतो.

दुसरा उपाय, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर. तो उरलेली अल्कली मारतो. माडाच्या सुरेचं घरगुती व्हिनेगर इथे वापरू नका, त्याला रंग आणि गाळ असतो. ते सोरपोतेलसारख्या मांसाच्या पदार्थालाच ठेवा. व्हिनेगर रोज घातला तर मशीनचं रबर लवकर झिजू शकतं, म्हणून महिन्यातून दोन-तीनदा पुरे. आणि क्लोरीनच्या ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही, कुठल्याही बादलीत, मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो. सुगंधी सॉफ्टनर घालू का?

जून ते सप्टेंबर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. घालू नका. सॉफ्टनरचा वास कुबट वासावर बसतो आणि चौथ्या दिवशी दोन्ही मिळून येतात. शिवाय तो थर ओल धरून ठेवतो.

वास येतो जिवाणूंमुळे. मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू घामाच्या आणि त्वचेच्या उरलेल्या अंशांवर जगतो, वाळलेल्या कापडातही तग धरतो आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. कपडा बारा-पंधरा तास ओला राहिला की जिवाणूचं काम झालं.

म्हणून सारा डाव वाळवण्याच्या वेगात आहे. एकदम जास्त कपडे धुऊ नका. रोज थोडे धुवा. मशीन थांबल्याबरोबर कपडे बाहेर काढा. स्पिन दुसऱ्यांदा लावा, हा सर्वांत स्वस्त ड्रायर आहे. पावळीखाली दोरीवर घालताना दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. घरात वाळवत असाल तर वर पंखा आणि एक खिडकी उघडी. बंद खोलीत पंखा नुसती ओली हवाच फिरवतो.

वास बसलाच असेल तर ते टॉवेल साठ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून तासभर भिजवा. थंड पाण्याचा आग्रह इथे सोडायचा. मशीनलाही महिन्यातून एकदा असंच रिकामं गरम पाण्यावर चालवा, हीटर नसेल तर गरम पाणी बादलीने ओता, आणि फ्रंट लोडच्या रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसा. बऱ्याचदा वास तिथूनच येत असतो.

घरात कोणी आजारी असेल तर थंड पाणी पुरतं का?

पुरत नाही. थंड पाणी मळ काढतं, जंतू मारत नाही. तापाच्या, जुलाबाच्या रुग्णाच्या चादरी, कपडे साठ अंशांना धुवा आणि ऊन असेल तर उन्हात घाला. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांच्या अंथरुणालाही तेच, कारण आपल्या दमट हवेत धुळीतले सूक्ष्म किडे खूप वाढतात आणि ते साध्या पाण्याने मरत नाहीत.

धुण्याचं पाणी माडाला, केळीला सोडलं तर चालतं का?

कुळागरवाल्यांचा हा प्रश्न, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालतं. पहिलं पाणी, विशेषतः सोड्याच्या पावडरीचं, रोज एकाच झाडाच्या आळ्यात सोडू नका. त्यातलं सोडियम साचून माती घट्ट होते. ब्लीचचं आणि सॉफ्टनरचं पाणी झाडांना नको, आणि व्हाळात तर अजिबात नको. सॉफ्टनरची द्रव्यं पाण्यातल्या जिवांना बाधतात. धुण्याची मोरी विहिरीपासून लांब ठेवा. जांभ्यातून पाणी भराभर खाली झिरपतं, आणि मोरीत सोडलेलं पाणी काही दिवसांनी तुमच्याच पोहऱ्यात येऊ शकतं.